त्रेसष्ट म्हणायचं आणि छत्तीस लिहायचं

माझी लेक तिसरीत आहे, मराठी माध्यमात. दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ. पण मध्येच ‘सात अठ्ठे किती?’ विचारलं की ती ‘सात एके सात’पासून सुरुवात करायची. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉपवर सरावाची एक मोफत साइट लावून दिली. एकेक गुणाकार समोर येतो, तीन सेकंदांत उत्तर टाइप करायचं, रोज दहा मिनिटं.

पहिले चार दिवस निम्म्याहून जास्त फुल्या. पाचव्या दिवशी ती उठून आजीच्या कुशीत जाऊन रडली. मला वाटलं, पाढेच कच्चे आहेत, अजून घोकून घ्यायला हवेत.

दुसऱ्या दिवशी मी कणीक तशीच ठेवून तिच्या शेजारी बसले. 7 × 9 आलं. ती पुटपुटली, ‘सात नव्वे त्रेसष्ट’, आणि टाइप केलं 36. फुली.

‘आई, त्रेसष्टच तर लिहिलं मी!’

पाढा पक्काच होता. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी. वहीत सावकाश लिहिताना ती हे सांभाळून घ्यायची, तीन सेकंदांत जमत नव्हतं. ‘सात सत्ते एकोणपन्नास’ला तर 59. तिचं म्हणणं, ‘एकोण’ म्हणजे शेवटी नऊ आणि पन्नास म्हणजे आधी पाच! स्क्रीनवर नुसती फुली दिसते, हे त्यातून कळणं शक्यच नव्हतं.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता. मीही विरोधातच होते. आपले शब्द जायला नकोत, हे मला आजही वाटतं. पण त्या पद्धतीमागची मुलांची अडचण मला तेव्हा दिसली नव्हती.

मग सेटिंगमध्ये जाऊन वेळ सहा सेकंद केली. उत्तर आधी मोठ्याने म्हणायचं, ‘साठ तीन, त्रेसष्ट’, आणि मग टाइप करायचं. शिवाय एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे तिला येतच होते. उरले तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ. सात अठ्ठे आणि आठ सत्ते एकच धरलं, तर पाठ करायला उरतात फक्त 21 गुणाकार. शंभराच्या तक्त्याने दडपलेली पोर हा आकडा ऐकून खुलली. 21 चौकटींचा कागद फ्रिजवर चिकटवला. सलग तीन दिवस चटकन आलं की चौकट रंगवायची.

जानेवारीत तिनेच वेळ परत तीन सेकंद करायला लावली. आता दोन चौकटी कोऱ्या आहेत, सात सत्ते आणि सहा अठ्ठे. काल 6 × 8 आलं. बोट आठाकडे निघालं, थांबलं. ‘चाळीस आठ,’ ती हळूच म्हणाली आणि आधी चार दाबला.