पोलिसांनी वडिलांना स्टेशनला बोलावलं तेव्हा – माझा अनुभव

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. द्राक्षपट्ट्यात एखादा व्यापारी बागायतदारांचे पैसे बुडवून पळाला हे काय नवीन नाही, पण यावेळी जो पळाला त्याने रोडवरच्या आमच्या दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या, क्रेट आणि पेट्या ठेवायला. शेतकऱ्यांनी फसवणुकीची केस केली आणि बरोबरच केलं, आमच्या चुलत्यांचे पण पैसे अडकलेत.

मग वडिलांना, म्हणजे अण्णांना, पोलिसांचे फोन सुरू झाले. "जरा स्टेशनला येऊन जावा, दोन मिनिटाचं काम आहे." अण्णा ६७ वर्षांचे, शुगर आहे. गेले तर दिवसभर बाकड्यावर बसवलं आणि संध्याकाळी उद्या या म्हणून सांगितलं. पुढच्या फोनला सूरच बदललेला, सहकार्य करत नाही म्हणून तुम्हालाच आत घेऊ का. आईचं जेवण तुटलं. २०१७ ला सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा जीव गेला आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला, ते इकडं कोण विसरलेलं नाही, त्यामुळे "आत घेऊ" म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येणारच.

सांगलीत विजयनगरला कोर्टात ओळखीचे वकील आहेत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिलं हेच विचारलं, अण्णांना बोलावलंय ते साक्षीदार म्हणून का आरोपी म्हणून? सगळं त्याच्यावर आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या साईटवरून एफआयआर काढली, त्यात अण्णांचं नाव नव्हतं. मग त्यांनी नीट समजावलं. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, त्यात कलम १७९ खाली साक्षीदाराला बोलवायचं तर लेखी आदेश लागतो, आणि ६० च्या वरचा माणूस, १५ च्या आतला मुलगा, कुठलीही बाई, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना स्टेशनला यायची सक्तीच नाही, पोलिसांनी घरी येऊन जबाब घ्यायचा. आधी ही वयाची अट ६५ होती. पण कलम ३५ ची नोटीस आली तर ती संशयिताला असते, तेव्हा मात्र जावंच लागतं, ती टाळली तर अटक होऊ शकते. ती पण व्हॉट्सअॅपवर चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये तसं सांगितलंय.

पुढचा फोन मी घेतला. आवाज चढवला नाही. "साहेब, अण्णा सगळं सांगायला तयार आहेत, फक्त त्यांचं वय ६७ आहे, कलम १७९ प्रमाणे घरी येऊन जबाब घ्या, आणि नोटीस लेखी द्या." तिकडं जरा वेळ शांत. मग म्हणाले, कायदा शिकवतो काय. मी परत तेच वाक्य बोललो आणि हाच मजकूर अर्ज करून स्टेशनला दिला, पोच घेतली. शिक्का असलेली पोच हातात असली की बोलायला बळ येतं, हे सगळ्यांना मुद्दाम सांगतो.

हवालदार घरी आले, चहा झाला, जबाब लिहिला. मी वाचून बघितला तर त्यात एक ओळ होती, "सदर व्यापारी पळून जाणार असल्याची मला कल्पना होती." अण्णा असं काही बोललेच नव्हते! आम्ही ती ओळ खोडायला लावली. नंतर "इथं सही करा" म्हणाले. पोलिसांसमोरच्या जबाबावर सही घेता येत नाही, कलम १८१ मध्ये स्पष्ट आहे, वकिलांनी आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून सही नाही केली. हवालदारांनी पण मग जास्त ताणलं नाही. भाड्याच्या पावत्या आणि त्या व्यापाऱ्याच्या आधारची झेरॉक्स मात्र आम्ही स्वतःहून दिली, तो सापडावा ही आमची पण इच्छा आहे की.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी १५१०० ला फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाईन आहे, बायकांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि कुणाला खरंच अटक झाली तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि २४ तासाच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, चौकशी चालू असताना वकिलाला भेटता पण येतं.

अण्णांना परत फोन आलेला नाही. केस चालू आहे, कोर्टाचं समन्स आलं तर ते साक्षीला जाणार आहेत, चुलत्यांचे पैसे अजून मिळायचेत.