बोल्गेरी रोसो : मोजपात्रातले प्रयोग, पुढचा टप्पा

कियान्ती बाजूला ठेवून बोल्गेरीकडे, म्हणजे इटलीत टस्कनीच्या किनाऱ्यावरच्या तांबड्या वाइनकडे वळलो, त्याला आता बरेच महिने झाले. वहीत सुरुवातीच्या बाटल्यांपुढे नुसतं 'काळं फळ, ओक' एवढंच दिसतं. आता जीभ सरावली आहे आणि खरा प्रश्न समोर आलाय : कॅबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो, कॅबर्ने फ्रां ही सगळी द्राक्षं फ्रान्समधल्या बोर्दोचीच मंडळी, मग वाइन बोर्दोसारखी का लागत नाही?

बरंचसं उत्तर जागेत आहे. टस्कनीचा लिव्होर्नो प्रांत, मागे डोंगर, पुढे तिऱ्हेनियन समुद्र आणि मधल्या पट्ट्यात मळे. उन्हाळा कोरडा, ऊन भरपूर, वर समुद्राचा वारा. त्यामुळे उशिरा पिकणारं कॅबर्ने सोव्हिन्योंही इथे पूर्ण पिकतं. बोर्दोत गार वर्षी त्याला ढोबळी मिरचीचा हिरवट वास राहतो. इथे तो मला क्वचितच सापडला. त्याऐवजी ब्लॅककरंट, आणि मागून रोझमेरी-तमालपत्राच्या वळणाचा रानटी वास. किनाऱ्यावरच्या अशा झुडपी रानाला तिकडे 'माक्किया' म्हणतात.

खारटपणाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. समुद्र जवळ म्हणून वाइनमध्ये मीठ उतरतं, हे मला पटत नाही. घोट गिळल्यावर आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच वेळी टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा, हिरड्या कोरड्या करतं, या दोन्हींच्या मधे जे जाणवतं त्याला आपण खारट म्हणतो. (लेबल झाकून प्यायला दिली की समुद्र आठवणारी माणसं एकदम कमी होतात.)

आता प्रयोग. एकेका वाणाच्या तीन बाटल्या आणि १०० मिलीचं मोजपात्र. कॅबर्ने सोव्हिन्यों ६०, मेर्लो ४० : गोलाई आली, पण घोटाचा मधला भाग मऊ आणि झोपाळू. मेर्लोतलं १० काढून तेवढंच कॅबर्ने फ्रां घातलं आणि वास एकदम वर उठला, पानांचा, जरा मिरपुडीचा. चिमूटभर हिंगाने आमटी बदलावी तसं. सास्सिकाइया या बोल्गेरीच्या नावाजलेल्या वाइनमध्ये साधारण ८५ टक्के सोव्हिन्यों आणि १५ टक्के फ्रां का असतं, ते असं हाताने करून बघितल्यावरच नीट पटलं.

नियम तसे सैलच आहेत. बोल्गेरी रोसोत या तिघांपैकी कोणतंही वाण १०० टक्क्यांपर्यंत चालतं. सिराह आणि सांजोवेझेला ५० टक्क्यांची मर्यादा. गंमत म्हणजे इथल्या तांबड्या वाइनला डीओसीत, म्हणजे इटलीच्या ठरावीक प्रदेशाच्या दर्जेदार वाइनच्या अधिकृत वर्गात, जागा मिळाली १९९४ला. सास्सिकाइयाचं पहिलं विक्रीचं साल १९६८, म्हणजे इतकी वर्षं ती कागदोपत्री साधी 'टेबल वाइन' होती!

पिण्याचं तापमान १६ ते १८ अंश. पुण्याच्या उन्हाळ्यात 'रूम टेंपरेचर'ला ओतली तर नाकात नुसतं अल्कोहोल जातं, म्हणून बाटली आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये. सोबत तिखट रस्सा नकोच, टॅनिन फार बोचतं. कमी तिखटाचं सुकं मटण छान जमलं.

पुढे सुपेरिओरे, म्हणजे बोल्गेरीचीच वरच्या दर्जाची वाइन. तिला किमान दोन वर्षं मुरवावं लागतं, त्यातलं एक ओकच्या पिंपात. आणि शंभर टक्के फ्रांची पालेओ रोसो कुणी उघडणार असेल, तर अर्धा पेला माझ्यासाठी राखून ठेवा.