घड गेला की उरतं ते खोड

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड उतरवला की खोडाला कुणी विचारत नाही. केळीला घड एकदाच येतो. मग खोड तोडून बांधावर टाकायचं, कुजेपर्यंत त्यात किडीने घर करायचं, आणि उचलायची मजुरी शेतकऱ्याच्या माथी. धागा काढायचं यंत्र घेऊन आम्ही शेतांवर जायला लागलो तेव्हा कुणी मालाचे पैसे मागितले नाहीत. "खोडं फुकट न्या भाऊ, फक्त बांध मोकळा करून द्या," एवढंच. कच्चा माल फुकट म्हटल्यावर नातेवाइकांना आमचा धंदा फारच सोपा वाटला.

खोडात शेकडा 90 हून जास्त पाणी असतं. खोडं गाडीत भरून आणायची म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहायचं. म्हणून यंत्रच ट्रॉलीवर चढवलं आणि बांधापाशी नेऊन उभं केलं. खोड उभं चिरून सोपटं, म्हणजे त्याचे एकावर एक असलेले थर, वेगळी करायची, एकेक यंत्रात सरकवायचं. गर खरवडून निघतो आणि हातात ओला धागा येतो. बाहेरच्या सोपटाचा धागा जाडाभरडा, आतल्याचा मऊ आणि चमकदार. दोन-तीन दिवस खोड तसंच पडून राहिलं तर धागा काळवंडतो, म्हणून कटाईचा दिवस शेतकऱ्याकडून आधीच घेऊन ठेवावा लागतो. एवढं करून एका खोडामागे वाळलेला धागा जेमतेम शे-दीडशे ग्रॅम. उरलेला चोथा गांडूळखताला जातो. खोडाच्या पाण्यापासून द्रवखत करण्याचं काम नवसारी कृषी विद्यापीठाने केलं आहे; त्याकडे आम्ही अजून वळलेलो नाही.

मऊ धागा विणकरांकडे जातो, जाड धाग्याचा आम्ही कागद करतो. बारीक तुकडे, सोड्यात शिजवणं, मग बीटर यंत्रात कुटून लगदा, तो पाण्याच्या हौदात, जाळीवर उचलून प्रेसमध्ये दाबायचा. हातकागदाला लागणाऱ्या होजिअरीच्या कात्रणांचा लगदाही त्यात मिसळतो. साड्यांचे खोके, पिशव्या, पत्रिका हा आमचा नेहमीचा माल.

'एक खोका घ्या, एक झाड वाचवा' असं खोक्यावर छापा, असा आग्रह बऱ्याच जणांनी धरला. आम्ही छापत नाही. आपल्याकडचा तपकिरी पुठ्ठा बहुतांशी रद्दीपासूनच बनतो, आणि गिरण्यांना लागणारं लाकूडही बरंचसं शेतातल्या निलगिरी-सुबाभळीचं असतं. रद्दीच्या पुठ्ठ्याच्या जागी केळीचा पुठ्ठा ठेवून सातपुड्यातलं झाड वाचलं म्हणणं ही थाप झाली.

खरी गरज दुसरीकडे आहे. रद्दीचा लगदा पुन्हापुन्हा केला की तंतू आखूड होत जातात. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यांत दम उरत नाही आणि पुठ्ठा फाटू लागतो. मग जोर आणायला नवा लांब तंतू घालावा लागतो, आणि तो बहुधा सूचिपर्णी झाडांचा, परदेशातून आलेला असतो. केळीचा तंतू लांबही आहे आणि चिवटही. फिलिपिन्समधली तिची बहीण, अबाका, टी-बॅगच्या कागदात उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. आमच्या धाग्याची जागा तिथे आहे: सगळा पुठ्ठा केळीचा करण्यात नाही, रद्दीच्या लगद्यात तो थोडासा मिसळण्यात. सध्या एका पुठ्ठेवाल्याबरोबर याच मिश्रणाची चाचणी चालू आहे. ते खोके टिकले तर केळी भरायलाच वापरायचे, असं त्याच्या डोक्यात आहे.

कापडाच्या बाबतीत मात्र आमचा तोरा कमी आहे; केळीचा धागा रेयॉनची जागा घेईल असं आम्ही म्हणत नाही. रेयॉन म्हणजे लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमधून काढलेला धागा. त्याचा सुळसुळीतपणा केळीच्या धाग्याला जमत नाही. चेन्नईजवळच्या अनकापुत्तूरचे विणकर साडीत केळीचा धागा घालतात ते सुताच्या जोडीने. आमचे विणकरही ताणा, म्हणजे उभे धागे, सुताचाच ठेवतात. पिशव्या, पडदे, आसनं यांत तो शोभतो, आणि तेवढंच आम्ही विकतो.

भाव विचाराल तर आमचा खोका साध्या खोक्यापेक्षा महाग आहे आणि पावसाळ्यात धागा वाळत नाही म्हणून मिळतही नाही. काम पाहायला यायचं असेल तर पावसाळा टाळून या, आणि पांढरे कपडे घालून येऊ नका. केळीचा चीक कुठल्याच साबणाने जात नाही.