पेटीला दम लागतो तेव्हा

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. हवेत ओलावा नावालाही उरत नाही आणि देवळाच्या कपाटातल्या हार्मोनियमचं लाकूड आकसतं. पुढे ज्येष्ठात, मुक्ताईनगरहून पालखी निघायच्या सुमारास, गावोगावची भजनी मंडळं पेटी बाहेर काढतात आणि तक्रार ठरलेली असते, "आप्पा, पेटीना भाता गया!"

बहुतेकदा भाता धड असतो. हात त्याच्यावर असतो म्हणून आळही त्याच्यावरच येतो, एवढंच.

गळती शोधायची तर आधी सगळे स्टॉपर, म्हणजे सुरांकडे जाणारी हवेची वाट उघडणारे-मिटणारे पुढचे खटके, आत ढकलायचे, एकाही पट्टीला हात लावायचा नाही आणि नुसता भाता मारत राहायचं. धडधाकट पेटीचं पोट, म्हणजे आतला हवा साठवणारा भाता, भरलं की भाता हाताला अडतो, दाबला तरी बसत नाही. गळकी पेटी कितीही भरा, भाता मुकाट मिटत जातो. हात काढल्यावर भाता आपला आपणच फुगायला लागला, तर पोटातली हवा उलटी येतेय. भाता आणि पोट यांच्या मधल्या झडपेचं कातडं उन्हाळ्यात वाळून कडांना वर वळलेलं असणार. भाता दाबताना त्याच्या बाहेरच्या फळीला असलेल्या भोकांशी तळहात धरून पाहावा. तिथे फुंकर लागली तर बाहेरची झडप नीट बसत नाहीये. स्टॉपर उघडल्यावर एखादा सूर पट्टी न दाबताच कण्हत राहिला, तर ते सगळ्यात सोपं दुखणं: त्या पट्टीची स्प्रिंग तरी सैल झालीय, नाहीतर खालच्या कातड्यात कचरा अडकलाय.

अवघड असतात त्या बिनआवाजी गळत्या. भात्याच्या घड्यांचे कोपरे, फळ्यांचे सांधे, उंदरानं कुरतडलेली एखादी कड. तिथे उदबत्ती लागते. पेटी भरून धरायची आणि उदबत्ती कडेकडेनं सावकाश फिरवायची. सरळ वर जाणारी धुराची रेघ एखाद्या ठिकाणी झटका बसल्यासारखी बाहेर फेकली जाते. बोट ठेवायचं ते तिथेच. यासाठी पंखा मात्र बंद लागतो आणि त्या दिवसांत खानदेशात पंखा बंद करा म्हणणाऱ्याकडे माणसं ज्या नजरेनं बघतात, ती सोसायची तयारी हवी.

आपोआप वाजणारे जुने पियानो असतात, त्यांचं दुखणं हेच, पण उलट्या अंगानं. तिथे पायानं भाते मारून हवा आत भरत नाहीत, ओढून घेतात. कागदाच्या गुंडाळीतलं भोक तिच्यामागच्या, भोकं पाडलेल्या आडव्या पट्टीवरच्या भोकासमोर आलं की तेवढ्या नळीत हवा शिरते, झडप उचलली जाते आणि एक छोटा भाता मिटता मिटता सूर वाजवतो. १९०८ साली अमेरिकेतल्या बफेलोमध्ये कारखानदारांनी ८८ सुरांच्या गुंडाळीचं माप ठरवून घेतलं. म्हणजे नळ्या, झडपा, छोटे भाते, सगळं ८८ ठिकाणी, आणि यातलं रबर नाहीतर कातडं कुठेही वाळून चिरलेलं असू शकतं. तिथे उदबत्ती नेली तर धूर बाहेर न उडता आत खेचला जाईल. त्या मानानं आपली पेटी गरीब. १८७५ साली कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला, तेव्हापासून तिची सगळी गुपितं एका खोक्यात मावतात.

दुरुस्तीला मऊ कातडं आणि सरस, याला माझ्या मते पर्याय नाही. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, त्यामुळे पुढच्या कारागिराला पेटी न फोडता उघडता येते. सेलोटेप दोन-चार भजनं तग धरते, मग उन्हानं सुटते आणि जाता जाता जुनं कापडही ओढून नेते. हे मी दरवर्षी सांगतो. दरवर्षी मंडळाची बैठक बसते आणि बहुमत सेलोटेपवाल्यांचं होतं, कारण एकादशी तोंडावर असते आणि कातडं आणायला जळगावला जायला त्या उन्हात कुणीच तयार नसतं.