आमच्या कंपनीला आता मालक नाही

"मालकाला सांगून दिवाळीला चार दिवस जास्त काढ की," आई फोनवर म्हणाली.

मी म्हटलं, "आई, आमच्या कंपनीला आता मालकच नाही."

पलीकडे शांतता. मग बाबांचा आवाज, "बंद पडली काय?"

बाबांचं चुकलं नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या त्या वसाहतीत ज्यांची हयात गेली, त्यांना मालक गेला म्हणजे गेटला कुलूप, एवढंच ठाऊक. बाबा एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात मोल्डर होते, वाळूचे साचे बनवायचे. मालक भला माणूस, खंडेनवमीला स्वतः पेढे वाटायचा. तो वारला. एका मुलाला पुण्यात राहायचं होतं, दुसऱ्याला जागेत रस होता, भट्टीत नव्हता. सहा महिन्यांत भट्टी विझली. बावीस वर्षांच्या नोकरीची देणी हातात पडेपर्यंत बाबांनी तीन वर्षं हेलपाटे घातले. अनगोळातल्या आमच्या घरात त्या तीन वर्षांबद्दल कुणी बोलत नाही.

त्यामुळे इथे इंग्लंडात, शेफील्डला मालकाने आम्हा चाळीस जणांना कॅन्टीनमध्ये बोलावलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवतो. म्हातारा सहासष्टचा, मुलगी डॉक्टर. मला वाटलं, झालं, कुणीतरी मोठी कंपनी घेणार, मशिनी उचलून नेणार. तर तो म्हणाला, "कंपनी तुम्हालाच विकतोय."

इथे २०१४ पासून 'एम्प्लॉयी ओनरशिप ट्रस्ट' अशी कायद्यात सोय आहे. निम्म्याहून जास्त शेअर एका ट्रस्टच्या नावावर जातात आणि तो ट्रस्ट ते सगळ्या कामगारांच्या वतीने सांभाळतो. आम्ही खिशातून एक पै घातली नाही. दरवर्षीच्या नफ्यातून जुन्या मालकाचे हप्ते फिटतात. म्हैस आपल्याच दुधावर आपली किंमत फेडते म्हणा ना. मालकही काही साधू नाही, अशा विक्रीवर त्याला भांडवली नफ्याच्या करात सूट मिळते. आधी पूर्ण माफी होती, नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये ती अर्ध्यावर आणली. आम्हाला बोनस मिळाला तर वर्षाला ३,६०० पौंडांपर्यंत त्यावर प्राप्तिकर नाही. पगार, नोकरीची वर्षं, कामाचे तास यांवरून रक्कम कमीजास्त होऊ शकते, पण नियम सगळ्यांना एकच. साहेबाच्या मर्जीतल्या माणसाला वेगळं पाकीट नाही.

नोकरी सोडली तर मात्र रिकाम्या हाताने बाहेर. शेअर ट्रस्टचे, माझ्या नावावर एकही नाही. हे ऐकून बाबा म्हणाले, "मग कसला रे मालक तू?" उत्तर मलाही लगेच सुचलं नाही. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यापासून रुळलेली 'ईसॉप' पद्धत वेगळी आहे. तिथे प्रत्येकाच्या खात्यावर शेअर जमा होतात आणि निवृत्त होताना त्यांचे पैसे मिळतात. कामगाराच्या दृष्टीने ते जास्त रोख. पण वीस माणसं एकदम निवृत्त झाली की त्यांचे शेअर विकत घ्यायला पैसा उभा करताना कंपनीच्या नाकीनऊ येतात.

माझ्यापुरतं बोलायचं तर बोनसपेक्षा मोठा फरक हिशेबाचा. आता दर महिन्याला जमाखर्च भिंतीवर लागतो. आपला व्हॉल्व्ह कितीला विकला जातो हे मला सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं. दुसऱ्याच महिन्यात लेथवरच्या एका बाईने भंगाराच्या आकड्यावर बोट ठेवलं. एका कास्टिंगला, म्हणजे बाहेरून ओतून येणाऱ्या भागाला सारखे ब्लो होल, आत हवा अडकून पडलेली भोकं, निघत होते, आम्ही ते मुकाट्याने भंगारात टाकत होतो. "हे आपल्याच पैशातून जातंय ना? मग परत का पाठवत नाही?" मॅनेजर गप्प. ते खराब कास्टिंग तिलाही वर्षभर दिसत होतं, बोलावंसं आत्ता वाटलं.

उगाच गोडवे गात नाही. कंपनी मॅनेजरच चालवतात. ट्रस्टवर आमच्यातला एक जण निवडून जातो आणि चहा-बिस्किटांच्या मीटिंगा मात्र दुप्पट झाल्यात. इथली प्रसिद्ध दुकानांची साखळी जॉन लुईस १९२९ पासून या वाटेवर आहे. अध्यक्षापासून काउंटरवरच्या पोरापर्यंत सगळ्यांना पगाराच्या सारख्याच टक्क्यांनी बोनस. पण २०२१ मध्ये त्यांनाही शून्य मिळालं, १९५३ नंतर पहिल्यांदाच. धंदाच बसला तर मालक कोण हे विचारून काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, सहकार आपल्याला काय नवा? खरंय, संकेश्वरचा हिरण्यकेशी साखर कारखाना आहेच की. पण तिथे सभासद ऊसवाला. बॉयलरवरचा माणूस पगारीच. कामगारांच्याच मालकीचं उदाहरण हवं तर केरळात कन्नूरला जावं लागतं. विडी कामगारांसाठीचा १९६६ चा कायदा तिथे लागू झाला तसा मालकांनी गाशा गुंडाळला, हजारो माणसं रस्त्यावर आली, आणि १९६९ मध्ये सरकारच्या मदतीने त्यांनी स्वतःचीच सोसायटी काढली, दिनेश बीडी. माझी आत्या निपाणीला विड्या वळायची. निपाणीचं १९८१ चं तंबाखू आंदोलन तिला आठवतं, पण ते शेतकऱ्यांचं, तंबाखूच्या भावासाठीचं. "कारखाना तुमचा करू" असं वळणाऱ्या बायकांना कुणी म्हटल्याचं तिला आठवत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण उद्यमबागेतला माझा एक मित्र. त्याचं छोटं मशीन शॉप आहे, अठरा माणसं. पोरगा बंगळूरला आयटीत, परत येणार नाही हे दोघांनाही ठाऊक. त्याने विचारलं, असं आपल्याकडे जमेल काय? इथल्यासारखी करसवलत आपल्याकडे नाही आणि 'ईसॉप' म्हटलं की लोकांना इन्फोसिस आठवतं, लेथ नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, आधी सहा महिने जमाखर्च भिंतीवर लावून बघ. तो हसला. "तेच तर अवघड आहे रे," म्हणाला.

आईला दिवाळीचं सांगितलं. रजेचा अर्ज करावाच लागतो, मंजूर होईल. फोन ठेवून पाच मिनिटं झाली असतील, बाबांचा मेसेज आला. "वाळूत ओल राहिली असणार. त्या कास्टिंगचा फोटो पाठव बघू."