तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क मोठी केली की गाडी लवकर थांबते का?

माझ्याकडे १९९० ची मझदा एमएक्स-५ आहे. दोन सीटची, उघड्या टपाची, १.६ लिटर इंजिनाची. तिच्या ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, मी घरीच बदलून मोठ्या बसवल्या हे कळल्यापासून इंग्लंडमधले मराठी मित्र आणि पुण्याहून फोन करणारे भाऊ हाच प्रश्न विचारतात.

लवकर थांबत नाही. एकदाच कचकन ब्रेक दाबला तर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायरची पकड ठरवते. जुन्या डिस्कवरही चाकं लॉक होत होती, मग मोठी डिस्क त्यापुढे काय करणार? फरक पडतो तो लागोपाठ पाचव्या-सहाव्यांदा ब्रेक मारताना. हजार किलोची गाडी ताशी शंभरवरून थांबवली की सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते, आणि तिचा मोठा वाटा डिस्कच्या लोखंडात जातो. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट पास हा घाट उतरताना, जिथे काही ठिकाणी उतार तीनास एक आहे, डिस्कवर दाबले जाणारे पॅड तापले की पेडल कितीही दाबा, ब्रेक लागेनासे होतात. मोठी, जाड डिस्क जास्त उष्णता पोटात घेते. त्यासाठीच हा खटाटोप.

मझदानेच पुढे १.८ इंजिनाच्या गाडीला पुढच्या डिस्क २३५ ऐवजी २५५ मिलिमीटरच्या आणि मागच्या २३१ ऐवजी २५१ च्या दिल्या. मी कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) धरणाऱ्या ब्रॅकेटसकट तोच सेट बसवला. नुसत्या पुढच्या वाढवल्या तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. भोकांच्या डिस्क देखण्या दिसतात, पण तडे भोकांच्या कडेपासूनच जायला लागतात, म्हणून मी साध्याच घेतल्या. इथे असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, तेही केलं.

खरं काम मात्र डिस्क निघाल्यावर सुरू होतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे डिस्क हबला, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागाला, गंजून चिकटते. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी आलटून पालटून दोन्ही बाजूंनी हातोडा मारायचा. मग हबचा चेहरा, जिथे डिस्क टेकते ती बाजू, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासायचा, चाकाचे नट ज्यावर बसतात त्या स्टडच्या बुडाशी सगळ्यात जास्त, कारण गंजाचा पापुद्रा तिथेच लपतो. बोट फिरवून काही लागलं की पुन्हा घासायचं. हबच्या काठाशी राहिलेला गंजाचा एक कण डिस्कच्या कडेला जवळजवळ दुप्पट डगमग देतो. डायल गेज (बारीकशी डगमगही सुईने दाखवणारं मापक) डिस्कला लावून ती हाताने फिरवली तर सुई ०.१ मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे. ‘डिस्क वाकडी झाली, स्टिअरिंग थरथरतं’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच जन्माला येते. डिस्क नवी असते, गंज जुना असतो. सुई स्थिर राहिली की जे समाधान मिळतं, त्यासाठी मी हे काम कुणाला देत नाही.

मागच्या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, कारण त्यातच हँडब्रेकची यंत्रणा आहे. पाठीमागचा छोटा बोल्ट काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीची जागा दिसते, तिथून फिरवून पिस्टन मागे घ्यायचा. कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने टांगा. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका, खाली स्टँड हवेतच.

सगळं जोडून, नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळून झाले की गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरवरून २०-२५ पर्यंत मध्यम ब्रेक मारत वेग कमी करा, पूर्ण न थांबता, अनेकदा. पुढे काही मैल ब्रेकला हात न लावता चालवून डिस्क निवू द्या. गरम डिस्कवर सिग्नलला पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच बसतो.