‘काही करत नाही हो तो!’

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहायला आलो त्याच आठवड्यात लिफ्टचं दार उघडलं आणि आत भलामोठा जर्मन शेफर्ड. मी भिंतीला चिकटलो. ‘डेअर टुट निक्स,’ मालकीणबाई म्हणाल्या. म्हणजे आपलंच ‘काही करत नाही हो तो!’ कोथरूडपासून ऱ्हाइनपर्यंत कुत्रेवाल्यांचं वाक्य एकच.

पण इथे नुसत्या वाक्यावर भागत नाही. आमच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात २००३ पासून कायदा आहे: कुत्रा ४० सेंटीमीटर उंच किंवा २० किलोचा झाला की तो ‘मोठा’. मग नोंद, चिप, विमा आणि परीक्षा. परीक्षा मालकाची बरं का, कुत्र्याची नाही! रॉटवायलरसारख्या जातींना तर आधी परवानगी काढावी लागते.

बाईंचा कुत्रा म्हातारा आहे, कंबर गेलीय. पाठीवर हात पडला की गुरगुरतो, म्हणून पट्ट्याला पिवळी फीत बांधलीय: लांब राहा. मी विचारलं, ‘दटावत नाही?’ तर म्हणाल्या, ‘गुरगुरतोय म्हणजे आधी सांगतोय. मारून ते बंद केलं, तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.’

मला मोत्या आठवला. तासगावजवळच्या आमच्या मळ्यातला. दिवसभर साखळीला, रात्री मोकळा. ‘राखणीचं कुत्रं माणसाळू द्यायचं नाही,’ आजोबा म्हणायचे. पिल्लू असताना, पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत, माणसं ओळखायची, घाबरायचं नाही हे शिकायचं, तेव्हा तो खुंट्याला होता. वाटेने जाणारी पोरं खडे मारायची. पळायला साखळी पुरत नव्हती, उरले दात. आठ वर्षांचा होतो, चेंडू आणायला त्याच्या टप्प्यात गेलो आणि पोटरी त्याच्या तोंडात. पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. मोत्याला त्याच संध्याकाळी पोत्यात घालून लांब सोडून आले. खडे मारणाऱ्यांमध्ये मीही होतो, हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

जर्मनीत २०२३ पासून कुत्रा असा कायम बांधून ठेवायला बंदी आहे (कामाच्या कुत्र्यांना थोडी सूट). त्याला मोकळ्यावर पुरेसं फिरवायचं, हाही नियमच. तरी नदीकाठी पट्टा सोडून फिरणारे महाभाग भेटतातच.

काल परत लिफ्टमध्ये गाठ पडली. बाईंनी काही न बोलता पट्टा आखडता घेतला. मी थोडा तिरका उभा राहिलो, त्याच्या डोळ्यांत न बघता. त्याने माझा बूट हुंगला आणि कण्हत खाली बसला. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी हात खिशातच ठेवले.